पानात टाकायचं नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. नंतर चहाचा घोट तोंडात असताना हसाल, ठसका लागेल, आणि सुलभा मलाच बोलेल. चहा मात्र झकास झालाय हं! गवती चहा घातलाय ना? वाटलंच. त्या गवती चहाशी माझं जुनं नातं आहे. येतो त्याच्यावर, जरा दम धरा.

गाढवपणा काय, सगळ्यांच्याच हातून होतो. पण एकच गाढवपणा भर दुपारी, पाहुणा म्हणून, इस्त्रीचा शर्ट घालून, तीन माणसांच्या देखत पाऊण तास चघळत बसणारा माझ्यासारखा मीच! चघळत म्हणजे अगदी दाढेखाली घेऊन चघळत. कळेल पुढे.

साल नव्वद. मी कुवेतला एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होतो. ऑगस्टात पुढे इराकी सैन्य घुसलं आणि जे रामायण घडलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, ते रडगाणं आज नको. ही गोष्ट त्याच्या आधीची, मार्च-एप्रिलची. तेव्हा आमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट काय होतं? अब्बासियाच्या फ्लॅटमध्ये संडास एक आणि आम्ही पुरुष सहा!

बायको, म्हणजे ही सुलभा, आणि आमची पोर ठमी चिपळूणला. मी निघालो तेव्हा ठमी वर्षाची होती, आता तीन वर्षांची झालेली. तेव्हा काय आजच्यासारखं उठलं की तोंड बघितलं असं नव्हतं. कॅसेट भरायची आणि गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत कोंबायची. तिकडून सुलभाची कॅसेट यायची. तिच्यात अर्धी बाजू सासूबाईंच्या गुडघ्यांची, पाव बाजू शेजारच्यांच्या भांडणाची, आणि उरलेल्या जागेत ठमी.

एकदा कॅसेटमध्ये सुलभा हसत हसत सांगते, "अहो, परवा शेजारच्या काकूंनी ठमीला विचारलं, तुझे बाबा कुठे असतात गं? तर पोरीनं टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं! म्हणे, तिथे राहतात. जेवत नाहीत. नुसते बोलतात."

मी खो खो हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन दाराला कडी लावली आणि ढसाढसा रडलो. बाहेरून दाऊदभाईंनी दार बडवलं, "मुकुंदा, रडायचं असेल तर गच्चीवर जा ना बाबा! इथं लायनीत चौघं उभे आहेत!"

हे दाऊदभाई म्हसळ्याचे. जहऱ्याच्या सहकारी भांडारात भाजी विभाग सांभाळायचे आणि घरी आमच्या सहाजणांचं जेवण. वयानं मोठे, तोंडानं फटकळ, हाताला चव अशी की सुकटीच्या कालवणावर आम्ही पैजा लावायचो. आमच्या फ्लॅटचे सल्लागार तेच.

आणि मला सल्ल्याची फार गरज होती. कारण बायकोचा व्हिसा व्हायचा तर स्वतःच्या नावावर घराचा करार हवा. आमच्या हॉस्पिटलची कागदपत्रं सरकारी कचेऱ्यांतून फिरवणारा माणूस, त्याला तिथे मंदूब म्हणतात, त्यानं मला स्वच्छ सांगितलं होतं, "महिनाअखेर घराचा कागद आण. नाहीतर तुझी फाईल बंद. मग पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी! तोवर ठमीनं टेपरेकॉर्डरशी नातं पक्कं करून टाकलं असतं.

घर काही मिळेना. एकटा पुरुष म्हटलं की घरमालक दार लावायचे. बायको येणार आहे म्हटलं तर म्हणायचे, आधी आण. आणि घराशिवाय बायको आणता येत नाही! सांगा आता, काय करावं माणसानं?

तेवढ्यात आमच्या विभागातली सिस्टर सुनी म्हणाली, "मिस्टर मुकुंद, आम्ही थायलंडला परत चाललो. फिंतासला आमचा फ्लॅट आहे, समुद्राजवळ. मालकानं सांगितलंय, तुमच्या पसंतीचा चांगला भाडेकरू द्या, मी डोळे मिटून सही करीन. आणखी दोघांनी विचारलंय. तुम्ही शुक्रवारी जेवायलाच या. घर बघा, आम्ही तुम्हाला बघतो."

आम्ही तुम्हाला बघतो! म्हणजे हा दाखवण्याचाच कार्यक्रम की हो! फरक इतकाच, की इथे दाखवायचा होता मुलगा, आणि पोहेही त्यानंच खायचे होते.

मी दाऊदभाईंना गाठलं. ते कोळंबी सोलत होते. म्हटलं, "भाई, परक्या देशातल्या लोकांकडे जेवायला जायचंय. घराचा प्रश्न आहे. कसं वागू?"

"काय आहेत ते? थाई? भात खातात ना?"

"खातात."

"मासे खातात?"

"खातात."

"मग आपलेच की! ऐक. तोंड बंद, ताट साफ. काय वाढतील ते खायचं, नावं ठेवायची नाहीत, आणि पानात काय म्हणजे काय टाकायचं नाही. अन्न टाकलं की घरच्या बाईच्या मनातून माणूस उतरला. कुठल्या पण मुलकात जा, बाईमाणूस तेवढंच बघते."

हे ऐकून मला तर आमचे अण्णाच बोलल्यासारखे वाटले. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. जेवणं झाली की हात धुवायच्या आधी ते पंगतीतून फेरी मारायचे आणि एकेकाचं पान तपासायचे, वह्या तपासतात तसे. आमच्याकडे कढीपत्तासुद्धा पानात राहिलेला चालायचा नाही. आमटीतलं आमसूल पण चावून खायचं. शेवग्याच्या शेंगेची सालं तेवढी माफ, तीही अण्णांचा स्वतःचा दात एकदा दुखावला म्हणून. "टाकायचं होतं तर घेतलंस कशाला?" एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर आम्ही चार भावंडं वाढलो.

तेव्हा मी निश्चिंत झालो. पान साफ करण्यात माझा हात कोण धरणार? हे तर माझ्या घराण्याचं शिक्षण!

शुक्रवारी बसनं फिंतासला गेलो. इमारत समुद्राकडे तोंड करून उभी. वारा असा सुटलेला की अब्बासियाचा सगळा घाम एका झुळकीत वाळला. सुनी खाली घ्यायला आली होती.

"फ्लॅट पाचव्या मजल्यावर," ती म्हणाली. "लिफ्ट झोपलीय. जरा जास्त झोपते."

"व्हेरी गुड!" मी म्हणालो.

अहो, दुसरं काय म्हणणार? मला घर हवं होतं. वर गेलो. बाथरूमचा नळ आपोआप गळत होता. सुनी म्हणाली, "हा गातो. सवय होते." म्हटलं, "व्हेरी गुड!" एसी सुरू केला तर तो आधी खोकला, मग घरघरला, मग बंद पडला. सुनीनं त्याला एक चापट मारली तेव्हा चालू झाला. म्हटलं, "व्हेरी, व्हेरी गुड!" एका खिडकीची झडप लागत नव्हती. तीही मला व्हेरी गुडच वाटली, कारण त्या खिडकीतून समुद्र दिसत होता आणि मी मनातल्या मनात तिथे ठमीला स्टुलावर उभी करून बोटी दाखवत होतो.

मग जेवण. टेबलाशी सुनी, तिचा नवरा प्रसर्त आणि प्रसर्तची आई. सामान बांधायला मदत म्हणून आई गावाहून आलेली. हसरी म्हातारी, इंग्रजीचा एक शब्द नाही, पण मला बघून दोन्ही हात जोडून अशी वाकली की मला आमची आत्याच आठवली. मीही वाकलो. ती पुन्हा वाकली. मीही पुन्हा. शेवटी प्रसर्तनं खुर्ची ओढून मला बसवलं.

मधोमध मोठं पातेलं. झाकण काढलं मात्र, आणि काय तो वास! लिंबाच्या झाडाचं पान चुरगळल्यावर येतो तो एक वास. खालून नारळाच्या दुधाचा, आपल्या कोकणातल्या माणसाला अगदी घरचा. आणि मागून हळूच कोणीतरी सुकटीच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा तिसरा. तो माशांच्या खारवणाचा सॉस म्हणे. मिठाऐवजी तोच घालतात.

"आमच्याकडे चार चवी," सुनी पळी फिरवत सांगत होती. "आंबट, गोड, खारट, तिखट. चौघींनी एकाच घासात बोललं पाहिजे. एक जरी रुसून गप्प बसली तर स्वयंपाक बिघडला."

म्हणजे चार जावांचं एकत्र कुटुंबच की!

कच्च्या पपईची कोशिंबीर होती. आपण काकडीच्या कोशिंबिरीला लावतो तसे भाजलेले दाणे, पण हे नुसते ठेचलेले, वर गूळ आणि लिंबू. हिरव्या वाटणाचा रस्सा होता. मोकळा, सुवासिक भात होता. आणि सुनीनं सगळ्यात आधी माझ्या पुढ्यातली खोलगट वाटी सूपानं काठोकाठ भरली.

पहिला घोट घेतला आणि मी गारच! आंबट येतंय म्हणेपर्यंत गोड आलं, गोड म्हणेपर्यंत तिखटानं कानशिलं तापवली, आणि सगळ्यांच्या मागून तो नारळ, पाठीवरून हात फिरवत. देवाशपथ सांगतो, इतकं चविष्ट मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. कोळंबी खाल्ली, अळंबी खाल्ली. रस संपला.

आणि मग वाटीच्या तळाशी काय उरलं?

बोटभर लांबीच्या पाच काड्या. आल्यासारख्या दिसणाऱ्या चार चकत्या. चामड्यासारखी जाड तीन पानं. आणि नखाएवढ्या दोन लाल मिरच्या.

मी इकडेतिकडे पाहिलं. बाकीच्यांच्या वाट्यांत काय उरलंय ते दिसेना, वाट्या खोल. टेबलावर काढून ठेवलेलं तर काहीच नव्हतं. कानात अण्णा बोलले, "टाकायचं होतं तर घेतलंस कशाला?"

घेतली एक काडी. ठेवली दाढेखाली.

तुम्ही कधी केरसुणीचा हीर चावलाय? नाही ना? मग मी सांगतो. तसाच लागतो, फक्त लिंबाचा वास येतो. चावतोय, चावतोय, काडी काही मोडेना! तिचे तंतू सुटले, तंतूंचे आणखी तंतू सुटले, माझ्या तोंडात काथ्या वळायचा कारखाना सुरू झाला. जीभ मेली त्यात अडकली. तरी चेहऱ्यावर हसू! "व्हेरी गुड," मी तोंड मिटूनच म्हणालो आणि पेलाभर पाण्याबरोबर ती मोळी गिळली.

वर पाहिलं तर तिघांचेही चमचे हवेत.

प्रसर्त सुनीला हळूच काहीतरी म्हणाला. सुनी त्याला काहीतरी म्हणाली. मला वाटलं, कौतुक चाललंय! चला, म्हटलं, मुलगा पसंत पडतोय. आणि दुसरी काडी उचलली.

आता बघा हं काय झालं. प्रसर्तनं आपल्या वाटीत चमचा घातला, तळातून एक काडी काढली, तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तोंडात टाकली. चावायला लागला. मग सुनीनं पण एक काढली. आणि मग म्हातारीनं! बिचारीनं काडी हातात घेऊन आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग माझ्याकडे बघून मान लववली आणि तोंडात ठेवली.

झालं! माझी खात्रीच पटली की हीच रीत. चौघंजण एका टेबलाशी समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत, हसत, करकर करकर चावतोय. कोणी बोलत नाही. बोलणार कसं? गोठ्यात दुपारची वैरण टाकल्यावर असते ना, तशी शांतता! मध्येच 'खट' असा आवाज आला आणि म्हातारी तोंडावर रुमाल धरून लगबगीनं आत गेली. मला वाटलं, वय झालंय, खोकला असेल.

मी काड्या संपवल्या. चकत्या संपवल्या. त्या आल्याच्या चुलतभावाच्या असाव्यात, पण स्वभावानं औषधी. आमच्याकडे घसा बसला की कुळिंजन चघळायला द्यायचे, तेच ते! पानंही गेली. शेवटी ठेवलेल्या दोन मिरच्या सोडल्या तर वाटी लख्ख. अण्णांनी दहापैकी दहा दिले असते.

सुनीनं लख्ख वाटी पाहिली. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले मला. तिनं पातेल्यात पळी घातली आणि खास माझ्यासाठी तळातून शोधून शोधून काड्या काढल्या. या वेळी पाच नव्हत्या. अकरा होत्या! वर रस नावाला.

"आवडलं ना तुम्हाला? लाजू नका," ती म्हणाली.

काय करतो? समोर समुद्र दिसत होता. खिडकीशी स्टुलावर ठमी उभी होती. खाल्ल्या. अकराच्या अकरा खाल्ल्या!

राहता राहिल्या त्या मिरच्या. आपली लवंगी मिरची कशी, लहान दिसते आणि घर जाळते. ही तिची थोरली बहीण. मी सगळं खाल्लं तसं तिलाही अख्खी चावली. पुढचं काय सांगू! कानांतून वाफ, डोळ्यांतून धारा, नाक तर वेगळ्याच देशात गेलेलं. आणि नेमक्या त्याच क्षणी प्रसर्तनं प्रेमानं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मी बोलायला तोंड उघडलं. "वाईफ..." हुंदका. "डॉटर..." हुंदका. "टेपरेकॉर्डर..."

"टेपरेकॉर्डर?"

मग मी तुटक तुटक सांगितलं. पोरीला वाटतं बाप टेपरेकॉर्डरमध्ये राहतो. जेवत नाही, नुसता बोलतो. आणि खरं सांगू का तुम्हाला? सुरुवात मिरचीनं झाली होती, पण ती मिरची कुठे संपली आणि ठमी कुठे सुरू झाली, मलाच कळलं नाही. फार आठवण आली हो पोरीची. प्रसर्तनं उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुनीनं डोळे पुसले.

एवढ्यात म्हातारी आतून बशी घेऊन आली. बशीत काय? आंबा! पिवळाधमक, सोलून कापलेला, शेजारी नारळाच्या दुधात शिजवलेला गोड चिकट भात. दोन वर्षं मी आंब्याचं तोंड पाहिलं नव्हतं! आणि इथे नारळीभात आणि आंबा एकाच बशीत! जीव नुसता तुटत होता.

सुनीनं विचारलं, "घेणार ना?"

आणि मी काय म्हणालो? "नको नको!"

अहो, आपल्यात पहिल्यांदा नकोच म्हणतात की! मग यजमान म्हणतो, असं कसं, घ्याच. आपण पुन्हा नको म्हणतो. मग तो आपल्या पानावर आडवा हात असतानाही वाढतो. तिसऱ्यांदा आपण, "बरं, तुमचा आग्रहच आहे तर," म्हणून खातो. चारचौघांत असंच जेवतात.

सुनी म्हणाली, "ओके," आणि बशी उचलून फ्रिजमध्ये ठेवली.

ओके! म्हणजे काड्यांना आग्रह, आणि आंब्याला ओके! मी त्या फ्रिजकडे बघतच राहिलो. जिना उतरताना पाचही मजले मला आंबाच दिसत होता.

दोन दिवसांनी सुनीनं एक्स-रेच्या खोलीत डोकावून सांगितलं, "घर तुमचं. मालकाला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. तो फार खूश झाला." मी नुकतंच एका पेशंटला श्वास रोखून धरायला सांगितलं होतं, त्याला सोडायला सांगायचंच विसरलो. त्यानं आपणहून सोडला म्हणून वाचला!

घरमालकाच्या माणसानं कागद पाठवला, मंदूबनं तो फिरवला, आणि मे महिन्यात सुलभा आणि ठमी विमानतळावर. ठमी आईच्या मागे लपून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ठमे, मी बाबा!" आवाज ऐकला मात्र, तिचे डोळे एवढे मोठे झाले. जवळ आली, माझ्या शर्टाची बटणं एकेक करून दाबून बघितली आणि आईला म्हणाली, "हे बाबा बंद कुठे करायचे?"

उचलून घेतली. पाच मजले कडेवर घेऊन चढलो. सुलभा मागून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत तिनं विचारलं, "अहो, लिफ्ट?"

"झोपलीय."

"उठते कधी?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.

घर सोडून हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलेली सुनी देशी परतायच्या आधी एकदा भेटायला आली. हातात कुंडी. "तुमच्या मिस्टरांची आवडती भाजी," तिनं सुलभाला सांगितलं. "बाल्कनीत ठेवा. रोज खायला होईल."

सुलभानं कुंडीकडे पाहिलं, एक पात चुरगळून नाकाशी नेली आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर गवती चहा!"

"ते हे खातात," सुनी म्हणाली.

"काय?"

"बुंधे. सोळा खाल्ले! आम्ही वासासाठी घालतो आणि वाटीत ठेवून देतो, खात नाही. पण पाहुणा खातोय, त्याला चूक कशी दाखवायची? लाज वाटली असती त्यांना. मग आम्ही पण खाल्ले. आमच्या सासूबाईंची कवळी निखळली!"

सुलभा सोफ्यावर आडवी पडून हसली. सुनी हसली. त्या दोघी हसतायत म्हणून ठमीही हसली. मी काय करणार? बाल्कनीत जाऊन समुद्र पाहत उभा राहिलो.

"अहो, जन्मभर चहा गाळून पीत आलात ना?" सुलभा आतून ओरडली. "गाळण्यातलं कधी खाल्लंत का?"

अहो, चहात आपण पात घालतो! सूपात होता जाडजूड बुंधा! ओळखणार कसा? पण ऐकतंय कोण. आमच्या घरात तेव्हापासून गाळणं धुताना ती मला विचारते, "टाकू का, की तुम्हाला हवंय?"

इथेच किस्सा संपला असता तरी मी सुटलो असतो हो. पण लिफ्ट! महिना झाला, लिफ्ट काही जागी होईना. त्यात कुवेतचा जून, एसी मधूनमधून खोकतोय, सुलभा रोज पाच मजले चढतेय. एक दिवस तिनं कमरेवर हात ठेवला. "आज मालकाकडे जा आणि खडसावून सांगा. लिफ्ट, एसी, नळ, खिडकी. चारही. नुसतं व्हेरी गुड करून येऊ नका!"

संध्याकाळी गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. मालक म्हणजे पांढराशुभ्र पायघोळ झगा घातलेला म्हातारा कुवेती. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापाराला मुंबईत यायचे, त्यामुळे हिंदी अस्खलित, म्हणजे अगदी मुंबईची. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून गाद्या, आणि गाद्यांवर दहा-बारा दोस्त गप्पा मारत बसलेले.

मला पाहिलं आणि म्हातारा टाळी वाजवून उठला. "आओ आओ! येच है वो!" सगळ्यांना अरबीत काहीतरी सांगितलं. दहा-बारा माना माझ्याकडे वळल्या.

"मेरे को तीन आदमी का नाम आया था," म्हातारा मला म्हणाला. "एक बोला, लिफ्ट खराब. दुसरा बोला, एसी खराब. फिर सुनी बोली, ये तीसरा आदमी ऐसा है, इसको लकडी खिलाया, रोते रोते खाया, फिर भी बोला व्हेरी गुड! मैं बोला, बस! मेरे को येच किरायेदार मंगता. ये जिंदगी में कंप्लेंट नहीं करेगा!"

सगळा दिवाणखाना खदखदला. माझं पाठ केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं, तोच म्हाताऱ्यानं हातात कॉफीची इवलीशी वाटी दिली आणि पुढे खजुराचं ताट धरलं. उचलला एक. टाकला तोंडात. खजूर विरघळला आणि बी उरली.

बिया टाकायची बशी होती, पण ती पलीकडे, चौथ्या माणसाच्या मांडीशी. आणि दहा-बारा माणसं श्वास रोखून एकटक माझ्या तोंडाकडे बघतायत! म्हातारा तर पुढे वाकून. आणि कानात, सांगायलाच नको, अण्णा.

गिळली.

खालपर्यंत गेल्याचं मला कळलं. दिवाणखान्यात असा हलकल्लोळ उडाला म्हणता! एकानं तर गादीवर लोळण घेतली. म्हाताऱ्यानं मला मिठी मारली आणि डोळे पुसत विचारलं, "कैसा है खजूर?"

मी म्हणालो, "व्हेरी गुड."

पाच मजले चढून घरी आलो. सुलभा दारातच उभी. कमरेवरचा हात तसाच. "सांगितलंत?"

मी चपला काढल्या. घाम पुसला. पाणी प्यायलो.

"अहो, लिफ्टचं विचारतेय मी! काय झालं?"

म्हटलं, "खजूर फार छान होता गं."